उघाडी

सिलाच्या अलीकडे, सौदीला जाणाऱ्या रस्त्यावर,
डावीकडे एकाएकी काहीच उरत नाही.
नकाशात त्याला सबखा मत्ती म्हणतात.
पहिल्या दिवशी मी माती ऐकलं,
बिनधास्त उतरलो, तर पोटरीपर्यंत मीठ.

इथे आमची थाळी आहे, शंभर हात रुंद, आभाळाकडे उताणी.
रात्रीचा दमट वारा तिच्यावर मीठ धरतो,
मीठ धरलं की अरुंधतीचा आवाज फाटतो,
म्हणून मी. बादली, गोडं पाणी, लांब दांड्याचा ब्रश.
पाण्याचा टँकर मीरदाद आणतो घुवैफातहून,
उशीर झाला की वाळूला शिव्या देतो, बलुचीत.
आजा मीठ ओढायचा. मी मीठ पुसतो.
पगार बरा आहे.

मौझा अल मजरूई दगडमातीतली जाणकार. ती तिला सुहा म्हणते.
सुहा म्हणजे विसरून गेलेली.
मी सांगितलं, आमच्यात लग्नात नवरीला हीच दाखवतात,
दिसो न दिसो, ती दिसली म्हणते.
मौझा हसली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
आणि हे? हे दिसतं?

अरुंधतीच्या तिसऱ्या ग्रहावर समुद्र नाही.
कधी होता का, यावर दोन खोल्यांत दोन मतं आहेत.
पण तिथल्या एका पठारावर चौकोन,
मोजले तर चारशे बारा,
मधले बांध कुठेही न फुटलेले,
आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एक फट, दाराएवढी.
अहवालात तिचं नाव विसंगती एक.
मी तिला उघाडी म्हणतो.
उधाणाला वर उचलायची,
पाणी आत आलं की पाडायची.

मौझानं मला गाडीत घालून सबख्यात नेलं,
भर दुपारी, मुद्दाम.
बघ म्हणाली, मीठ वाळताना आपलं आपण तडकतं,
आपलं आपण घरं पाडतं, त्याला कुणी लागत नाही.
मी उकिडवा बसून कोन मोजले.
सहा. सहा. पाच. सहा. पाच.
म्हटलं, बाई, चार दाखव.
ती काही बोलली नाही. थर्मासातला गहवा ओतला.
वेलची जास्त झाली होती.

आज्याचं नाव पोशा घरत.
कोंडीचा तळ तो पायांनी मळायचा,
पावलाला पाऊल लावून, काठाकडून मधोमध,
पुन्हा काठाकडे, चिखल गप्प होईपर्यंत.
बरी मळलेली कोंडी वाजत नाय, म्हणायचा.
तिथला उजेड इथे यायला एक्क्याऐंशी वर्षं लागतात.
म्हणजे ती फट आमच्या पडद्यावर यायला निघाली तेव्हा
पोशा नऊ वर्षांचा, उरणला,
पहिल्यांदा कोंडीत उतरलेला,
पायांना चिरा, आणि कुणी बघत नाही असं बघून रडणारा.

याचा अर्थ काहीही होत नाही. मला माहीत आहे.

काल पहाटे नवं चित्र आलं.
थाळी मी दोनदा पुसली होती, म्हणून लख्ख.
चारशे बारा. बांध तसेच.
फट नाही.

सगळे एका खोलीत जमले.
कुणी म्हणालं सावली, कुणी म्हणालं वाळू सरकली,
कुणाचा तरी चहा यंत्रावरच निवत राहिला.
मौझा जुनं चित्र नव्यावर ठेवायची, काढायची,
पुन्हा ठेवायची.
मग ब्रशवाल्याकडे वळली, सगळ्यांसमोर:
ती बंद कधी करतात?

पाणी आत आल्यावर, मी म्हटलं.

बाहेर मीरदाद हॉर्न वाजवत होता.
बादली उचलून मी शिडी चढू लागलो.
कठड्याला हात चिकटत होता,
तासाभरापूर्वीच पुसला होता तरी.